जलौकस

गणपती आठ दिवसांवर आले की आमच्या तलावावर यंत्र येतं. पिवळ्या रंगाचं, पुढे पाण्यात उतरणारा पट्टा असलेलं, जलपर्णी ओढून पोटात घेत सावकाश सरकणारं. तलावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. पुण्याच्या पश्चिमेला आहे, एवढं पुरे. घरट्याचा पत्ता सांगायचा नाही हा पक्षी बघणाऱ्यांचा जुना नियम, आणि तो का पाळायचा हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका कमळपक्ष्याचा फोटो ग्रुपवर पडला आणि पुढच्या रविवारी तोफांसारख्या लेन्सा घेऊन पंचवीस जण काठावर हजर. त्यातले दोघे गुडघाभर पाण्यात.

तर यंत्र. दिवसभरात ते काठावर पुरुषभर उंचीचे ढीग घालतं. ढीग दोन-तीन दिवस तिथेच असतात, मग डंपर येतात. मधल्या काळात त्या ढिगांवर जत्रा भरते. गायबगळे येतात, साळुंक्या येतात, वंचक येऊन ध्यान लावतो, एखादी घार घिरट्या घालून जाते. गेल्या वर्षी त्या जत्रेत मीही होते. सोबत भाचा, सहावीतला. "आत्याबरोबर जा, तेवढाच मोबाईल सुटेल," म्हणून माझ्या वहिनीने त्याला धाडलेलं.

घरटं त्यालाच सापडलं. टिबुकली म्हणजे बुड्या मारणारा एक छोटा पाणपक्षी. तिचं घरटं घरट्यासारखं दिसतच नाही. झाड नाही, फांदी नाही, काटक्यांची वाटी नाही. पाण्यावर तरंगणारा कुजक्या पाल्याचा एक गोळा, लव्हाळ्याला नाहीतर जलपर्णीला कसाबसा अडकवलेला. हा गोळा जलपर्णीच्या अखंड चटईबरोबर तसाच्या तसा वर आला होता. वरचा पाला बाजूला केला तर आत तीन अंडी. दोन चेपलेली, एक शाबूत. चहा सांडून वाळलेल्या कपासारखा तिचा रंग. टिबुकलीची अंडी मुळात पांढरी असतात. पण अंड्यांवरून उठताना ती दर वेळी ओला पाला ओढून त्यांना झाकते, आणि तीन आठवड्यांच्या उबवणीत त्या पाल्याचा रंग अंड्यांवर चढत जातो. रंगावरून वाटलं, बरेच दिवस भरले होते.

अंडं गार होतं. घरटं मात्र आतून कोमट लागलं. कुजणाऱ्या पाल्याची ऊब.

भाचा काहीच बोलला नाही. काठी घेऊन तो घरट्याचे थर उलगडत राहिला. मुलांना दुःख झालं की हाताला काहीतरी चाळा लागतो. तिसऱ्या की चौथ्या थराखाली, जलपर्णीच्या देठाला चिकटून, एक जळू होती. दीड बोटाच्या पेराएवढी, चपटी, पानासारखी, शेवाळी-तपकिरी. त्याने काठीच्या टोकाने तिला उलटी केली आणि "ई" करून हात मागे घेतला. तिच्या पोटाला पांढरट धाग्यांचं एक झालर लागलं होतं आणि ते झालर हलत होतं.

"जंत झालेत तिला?"

"जंत नाहीत रे. पोरं आहेत तिची."

हे उत्तर मी एवढ्या सहज दिलं खरं, पण आयुष्यात पहिल्यांदाच ते बघत होते. तीन वर्षं प्राणिशास्त्र शिकलेली बाई आहे मी. आमच्या वेळी बीएस्सीला जळू ठरलेली. हिरुडिनॅरिया, म्हणजे गुरांना लागणारी आपल्याकडची मोठी जळू. मेणाच्या ट्रेमध्ये तिला टाचण्यांनी ताणून बसवायची, पाठीवरून कात्री घालायची आणि मोजायला लागायचं. शरीराचे खंड ३३, डोळ्यांच्या जोड्या ५, उत्सर्जन नलिकांच्या जोड्या १७, रक्त साठवायच्या कोठाराचे कप्पे १०. परीक्षक आकडे विचारायचे, आम्ही आकडे सांगायचो. जर्नलात मी काढलेल्या आकृतीला सरांनी 'सुंदर' असा शेरा दिला होता. आता कॉलेजांत विच्छेदनं बंद झाली, बरंच झालं. पण त्या तीन वर्षांत जळूचं घर कुठे, तिची पोरं कुठे, ती दिवसभर काय करते, हे ना कुणी विचारलं ना मला विचारावंसं वाटलं.

त्याच्याही आधीची जळू आजीची. आजी भोरकडची. लावणीच्या दिवसांत खाचरातून बाहेर आली की ती आधी पोटऱ्या बघायची. जळू लागलेली असली तर ओढायची नाही. चंचीतली तंबाखू थुंकीत मळायची, जळवेच्या तोंडाशी लावायची, आणि ती गळून पडली की पायानेच तिला बांधाकडे सारत म्हणायची, "जा गं बाई, पोरं वाट बघत असतील तुझी." आम्ही हसायचो. जखमेतून रक्त बराच वेळ वाहत राहायचं, आजी त्यावर हळद दाबायची. रक्त का थांबत नाही याचं उत्तर पुढे पुस्तकात मिळालं. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. १८८४ मध्ये हेक्राफ्ट नावाच्या संशोधकाने ते दाखवून दिलं, पुढे त्याला हिरुडिन हे नाव मिळालं.

खरं सांगायचं तर आजी तिच्या जळवेच्या बाबतीत चुकत होती. गुरांची जळू पोरांची वाट बघणाऱ्यांतली नाही. ती पाण्याबाहेर, काठच्या ओल्या मातीत कोष घालते, त्याच्याभोवती स्पंजासारखं आवरण करते आणि निघून जाते. पिल्लं आपापली बाहेर पडतात, आपापली पाणी शोधतात. वाट बघणारी जळू वेगळी, आणि ती आमच्यासमोर जलपर्णीच्या देठावर होती.

या दुसऱ्या घराण्याच्या जळवांना जबडे नसतात, सोंड असते. आकार असाच, पानासारखा चपटा. अंडी त्या कुठे टाकून जात नाहीत, स्वतःच्या पोटाखाली धरतात. दगडाखाली नाहीतर देठाला चिकटून त्यांच्यावर पांघरूण होऊन बसतात, आणि अंगाच्या लाटा करून खालून पाणी खेळवत ठेवतात, अंडी घुसमटू नयेत म्हणून. पिल्लं बाहेर आली की मागच्या चूषकाने पोटाला धरून लटकतात. मग ती जाईल तिकडे सगळं बिऱ्हाड. काही जाती तर भक्ष्य पकडून पोटाखालच्या पोरांपर्यंत आणून देतात. अंगात कुठे एक हाडूक नाही, आणि एवढा संसार.

"ही आई आहे की बाबा?" भाच्याने विचारलं.

"दोन्ही. जळवेत नर-मादी वेगळे नसतात."

त्याला हे फारच आवडलं. थोड्या वेळापूर्वीचं "ई" कुठल्या कुठे गेलं. त्याने माझ्या पिशवीतून भिंग काढलं आणि जवळजवळ नाक टेकवून बघायला लागला. मी त्याला डोळे मोजायला सांगितले. का ते सांगते, पण त्यासाठी थोडं लांब जावं लागेल, थंड देशांतल्या तळ्यांपर्यंत.

युरोप-अमेरिकेतल्या तळ्यांवर याच घराण्याची एक जळू असते, पाणपक्ष्यांवर जगणारी. थेरोमायझॉन हे तिचं शास्त्रीय नाव. तिकडचे लोक तिला बदकांची जळू म्हणतात. उपाशी असताना ती जवळजवळ पारदर्शक असते, पाठीवर पिवळसर ठिपक्यांच्या ओळी. बदक चोच पाण्यात घालून गाळ चाळायला लागलं की ही त्याच्या नाकपुडीतून आत शिरते. बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, नाकाच्या आतल्या मऊ भिंतीला लागते. कधी घशाकडे, कधी डोळ्याच्या पापणीखाली. बदक मान झटकतं, शिंकतं, पायाने चोच खाजवतं. पोट भरलं की जळू आपणहून बाहेर पडते आणि तळाशी जाऊन बसते. असं तिचं जेवण आयुष्यात तीनदाच होतं. तिसऱ्या जेवणावर ती अंडी घालते. त्यानंतर तिला जेवण नाही. पोटात साठवलेल्या त्या शेवटच्या रक्तावर ती अंडी सांभाळते, पिल्लं पोटाशी घेऊन वाट बघत राहते, कधीकधी महिनोन्‌महिने. पिल्लं शेकड्यांनी असतात. एखादं बदक जवळ आलं की ती आईला सोडून त्याच्याकडे जातात. रिकामी झालेली आई मरते.

इथे मला आजी आठवली. पोरं वाट बघत असतील.

पण गोष्ट इथेच सोडली तर ती खोटी होईल. पोरांची ती झुंड बदकाकडे जाते म्हणजे बहुतेक वेळा बदकाच्या पिल्लाकडेही जाते, कारण पिल्लंही त्याच उथळ काठाशी असतात. मोठ्या पक्ष्याच्या नाकात चार जळवा सुजल्या तर तो शिंकून शिंकून बेजार होतो. आठवड्याच्या पिल्लाच्या नाकात चार जळवा रक्ताने फुगल्या तर त्याला श्वासच घेता येत नाही. अशी गुदमरून मेलेली पिल्लं तिकडच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहेत. एका आईच्या पोटाखालून निघालेलं दुसऱ्या आईच्या पंखाखालच्याला लागतं, आणि दोघीही आपल्या जागी बरोबर. हे एकदा वाचल्यावर मला बरेच दिवस जळवेबद्दल काय वाटून घ्यावं ते ठरवता येईना. अजूनही येत नाही.

आता डोळ्यांचं. या बदकांच्या जळवेला डोळ्यांच्या ४ जोड्या असतात. आपल्याकडच्या डबक्यांत सहज सापडणारी याच घराण्यातली जळू गोगलगायींवर जगते, पक्ष्यांच्या वाटेला जात नाही. तिला डोळ्यांच्या ३ जोड्या. म्हणजे भिंगाखाली आठ दिसतात की सहा, यावर भाच्याच्या हातातली बाई कोण ते ठरणार होतं.

"सहा," तो म्हणाला. मग म्हणाला, "थांब, आठ." मग ती वळली. मग पुन्हा "सहा".

मी बघितलं तेव्हा तिने अंग आवळून घेतलं होतं. या जळवांची ही खोड आहे, फार छेडलं की दोन्ही टोकं आत ओढून गोळा होतात, सगळी पोरं पोटात घेऊन. गाठोडंच. मी सहाला चिकटून राहिले. गोगलगायी त्या देठांवर ढिगाने होत्याच. भाचा मात्र घरी जाईपर्यंत आठ म्हणत होता, कारण आठ असती तर गोष्ट जास्त भारी झाली असती. त्याचंही बरोबर आहे.

टिबुकलीला ती जळू खपली असती का? बहुधा ती दिसली असती तर खाऊनच टाकली असती. पाण्यातले किडे, बेडकाची पिल्लं, बारीक मासे, त्यात एखादी जळू, सगळं तिला चालतं. बदकं, बगळे, शराटीही जळवा खातात. म्हणजे रक्त कोण कुणाचं पितं आणि पोट कोण कुणाचं भरतं याचा हिशोब दोन्ही बाजूंनी चालू असतो. घरट्यापुरतं बोलायचं तर टिबुकलीने रोज तळातून ओला पाला आणून थरावर थर चढवले, आणि जळवेला त्याच्याहून चांगली जागा मिळणार नव्हती. ओल, कुजकं, कोमट, आडोसा, वर राखण करणारी दोन माणसं. दोन म्हणते कारण टिबुकलीत नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात.

पाणपक्ष्यांच्या पोरं वागवायच्या तऱ्हा बघत बसलं तर दिवस जातो. टिबुकलीची पिल्लं बाहेर येतात ती अंगावर पट्टे घेऊन, आणि आईबापांच्या पाठीवर चढून बसतात. पंखांच्या फटीतून दोन लाल-पिवळी टोकं बाहेर. पालक कधीकधी त्यांना घेऊनच बुडी मारतो. कमळपक्ष्याची तऱ्हा त्याहून वेगळी. मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी बापाची. कमळाच्या नाहीतर शिंगाड्याच्या पानावर तो महिन्याला चार दिवस कमी इतका काळ बसतो, आणि धोका वाटला की पिल्लांना पंखाखाली घेऊन उचलतो. तेव्हा दुर्बिणीतून भलतंच दृश्य दिसतं, एका पक्ष्याला आठ-दहा पाय लोंबतायत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरले होते. वारकऱ्यांचं तसं नाही. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरं गंध लावलेला तो पक्षी, त्याची पिल्लं लाल डोक्याची आणि भांडकुदळ. ती पोहत मागे मागे फिरतात आणि सारखी मागत असतात. नाव वारकरी ठेवणाऱ्याने फक्त गंध बघितलं असावं, पिल्लांपर्यंत तो गेला नसावा.

पाठीवर, पंखाखाली, पोटाखाली. एकाच पाण्यात.

जळवेला नावं ठेवण्याची आपली परंपरा जुनी, पण तिच्याकडे नीट बघण्याचीही आहे, आणि ती दुसरीही तेवढीच जुनी. सुश्रुतांच्या संहितेत सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय सगळा जळवांचा. बारा प्रकार सांगितले आहेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. कुठल्या पाण्यात सापडते यावरून ते वेगळे केलेत. कुजलेले मासे, बेडूक, घाण असलेल्या गढूळ पाण्यात होतात त्या विषारी. कमळं असलेल्या, शेवाळ असलेल्या स्वच्छ पाण्यात होतात त्या चांगल्या. मला यात वैद्यकाइतकंच पाणी दिसतं. कुणीतरी तळ्याकाठी उकिडवं बसून हे बघितलं असणार. रक्त पिऊन झाल्यावर जळवेला तेल-मीठ लावून ओकायला लावायचं, मग पाण्यात सोडायचं. ती फिरून खायला शोधायला लागली तर पोट नीट रिकामं झालं, खाली बसून राहिली तर नाही. आजही पुण्यात वैद्य जळवा लावतात, मात्र त्या पाळून वाढवलेल्या असतात. मुळा-मुठेच्या आत्ताच्या पाण्यातली जळू लावायला सुश्रुतही धजले नसते.

त्याच अध्यायात नावाची फोड आहे. जल हेच जिचं ओक, म्हणजे घर, ती जलौकस. हा 'ओक' म्हणजे घर हे कळल्यावर आमच्या सोसायटीतल्या ओकांकडे मी काही दिवस वेगळ्याच नजरेने बघत होते. आणि ज्या प्राण्याचं घर ओक, त्यालाच धरून ओकायला लावायचं, हा विनोद मराठीतच होऊ शकतो. असो. पण त्या शब्दात टिबुकलीही बसते. तिचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की जमिनीवर तिला धड चालता येत नाही. घरटंसुद्धा ती जमिनीवर बांधत नाही. जन्मली पाण्यावर, मरेल पाण्यावर. जलौकसच.

वाघोलीकडे दगडाच्या जुन्या खाणी आहेत. पावसाळ्यात भरतात आणि दोन-तीन वर्षांत तिथे टिबुकल्या येतात, बेडूक येतात, गोगलगायी येतात, जळवा येतात. ओढा नाही, नदी नाही, आजूबाजूला गोदामं. जळवेला ना पंख ना पाय, मग ती आली कशी? काही चिखलात गाडून घेऊन उन्हाळा काढणाऱ्या असतात, पण कोऱ्या खडकात त्याही आधी कुठून तरी यायला हव्यात. त्या पक्ष्यांच्या अंगावरून येतात. पिसांच्या मुळाशी, पायाला, कधी नाकातून. एखादी पोटाखाली बिऱ्हाड घेऊन आली तर एका फेरीत अख्खी वसाहत पोचते. हिवाळ्यात कवडीपाटला थापटे आणि तलवार बदकं उतरतात तेव्हा मी हल्ली त्यांच्या चोचीकडे जरा जास्त वेळ बघते. एखादं मान झटकतं. पाणीच झटकत असेल. आपल्याला वाटायचं ते वाटतं.

ढिगापाशी परत येते. शाबूत अंडं भाच्याने घरी न्यायचं म्हटलं. रजई, टेबललॅम्प, पेटी, सगळी योजना त्याने पाच मिनिटांत मांडली. मी नाही म्हटलं. अंडं गार होऊन किती तास झाले होते कुणास ठाऊक, आणि वन्य पक्ष्याचं अंडं घरी नेणं कायद्यानेही चालत नाही. तो रुसला. ते अंडं आम्ही ढिगातच, पाल्याखाली, झाकून ठेवलं. का झाकलं ते मला सांगता येणार नाही. टिबुकली तेच करते म्हणून असेल.

यंत्रावरच्या माणसाला मी विचारलं, "दादा, घरटी दिसतात का हो तुम्हाला वरून?" त्याने हात झटकत सांगितलं, "ताई, वरनं सगळं हिरवंच दिसतं." त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. विसर्जनाआधी पाणी मोकळं हवं असतं, आणि जलपर्णी काढायलाच हवी, ती नाही काढली तर खालचं पाणी गुदमरतं. महिनाभर उशिरा काढली असती तर चाललं असतं, पण ते ठरवणारा दादा नव्हता.

जळवेला मात्र पाण्यात सोडता येणार होतं. देठ तसाच उचलून भाचा काठाच्या दगडांवर उतरला, मी त्याच्या शर्टाची कॉलर धरून मागे. देठ पाण्याला लागला तरी ती गोळा होऊनच होती. मग तो बुडाला आणि ती सुटली, बी पडावं तशी सरळ खाली गेली.

"आठच होते," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. डंपर येऊन ढीग गेले होते. मोकळं झालेलं पाणी उन्हात चमकत होतं आणि त्याच्या कडेला, यंत्राचा पट्टा पोचला नव्हता तेवढ्या लव्हाळ्यात, टिबुकलीची जोडी कामाला लागली होती. एक वर थांबायची, दुसरी बुडी मारायची आणि तळातून चोचभर कुजकी पानं घेऊन वर यायची. पाणी गळत असायचं. ती जुडी घरट्यावर थापायची, पुन्हा बुडी. जिथे आम्ही जळू सोडली त्या दगडांपासून ती जागा फार तर दहा-बारा पावलं. मी अर्धा तास बसले. त्या अर्ध्या तासात चोवीस वेळा पाला वर आला.